ताई, तुझी बाजू

ताई,

परवा तुझा जलदान विधी झाला. वंदना झाल्यावर भन्तेजी दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि बोलण्याआधी खाली वाकून त्यांनी मला हळूच विचारलं, "ताई दिल्लीला नेमकं काय काम करायच्या?" मी सांगायला तोंड उघडलं, तोवर आईच बोलली.

"ती संसदेत बोलायची."

मांडवात कुजबुज झाली. मागून कुणीतरी विचारलं, "खासदार होत्या का?"

"न्हाई," आई म्हणाली. "खासदार बोलले की ती बोलायची."

भन्तेजींना ते पुरलं. जसं ऐकलं तसंच पुढं देणं, त्यात आपलं काही न घालणं, हीसुद्धा सम्यक वाचाच, असं ते म्हणाले. लोकांनी माना हलवल्या. तू तिथं असतीस तर ओढणी तोंडावर धरून हसली असतीस, आणि घरी आल्यावर म्हणाली असतीस, "आईनं माझं पद एका वाक्यात सांगितलं, आमच्या सायबाला अजून जमलं न्हाई."

मी सांगितलं असतं तर वेळ लागला असता. सभागृहाच्या कडेला काचेची खोली असते, तिथं कानाला हेडफोन लावून बसायचं, आणि खाली कुणी हिंदीत नाहीतर इंग्रजीत बोलायला लागलं की त्याच दमात ते मराठीत बोलत जायचं, हे मला तू किती वेळा समजावलंस. तो माणूस 'मी' म्हणाला की तूही 'मी' म्हणायचीस. बाई बोलत असेल तर 'मी म्हणते', बुवा बोलत असेल तर 'मी म्हणतो'. पहिल्यांदा फोनवर संसदेचं चालू कामकाज लावून तुझं ऐकलं तेव्हा मला लय विचित्र वाटलं होतं. माझी बहीण आपल्याच आवाजात सांगत होती, "मी माझ्या मतदारसंघात शेतकऱ्यांसोबत बसलो होतो." मी दुकानात मोठ्यानं हसलो. तू नंतर रागावलीस. म्हणालीस, "तिथं मी नसतेच. तिथं मी असले तर काम बिघडतं."

हे तू दिल्लीला शिकलीस असं सगळ्यांना वाटतं. मला माहीत आहे, तू हे पूर्णेलाच शिकलीस. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आपल्या शेजारी तेलुगू बोलणारे, समोर उर्दू बोलणारे गार्डचाचा, मागं बिहारकडचं कुटुंब. तू सगळ्यांच्या घरात जाऊन त्यांच्यासारखं बोलून यायचीस. रेल्वेच्या दवाखान्यात तेव्हा आंध्राकडचे डॉक्टर होते, त्यांना मराठी येत नव्हतं. आईला चक्कर यायची म्हणून बाबांनी तुला तिच्याबरोबर धाडलं, आणि मी तुझा फ्रॉक धरून मागं. डॉक्टर आईवर चिडले. तू त्यांचं ऐकलंस आणि आईकडे वळून त्यांच्याच आवाजात म्हणालीस, "सगळ्यांना वाढून उरलं तर खातीस का? अशाच बाया मरतेत. मग नवरा दुसरी करतो आन् पोरं उघड्यावर पडतेत."

दवाखान्याबाहेर आल्यावर आई म्हणाली, "येवढं वाकडं बोलला त्यो, जरा कमी करून सांगायचं न्हाई का गं?"

"कमी केलं असतं तर तू गोळ्या घेतल्या असत्यास का?"

आईनं त्या लोहाच्या गोळ्या संपेपर्यंत घेतल्या. आजही ती ही गोष्ट सांगते.

माझ्या गोळ्यांबद्दल लोकांना अर्धवट माहीत आहे. विहिरीतून मोटार काढताना दोरखंड सुटला आणि मी कठड्यावर पाठीवर पडलो. जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरायचं माझं दुकान, वाकल्याशिवाय काम होत नाही. दुखणं थांबायची गोळी मिळाली. मग दुखणं थांबलं आणि गोळी थांबली नाही. एका मेडिकलवाल्यानं नको म्हटलं की दुसरा होता. त्या दिवसांचं वर्णन तुला नको, तू शेवट पाहिलायसच. आईनं फोन केल्यावर तू रजा काढून आलीस. ओरडली नाहीस. चहाचा कप माझ्या हातात दिलास, कप बशीवर वाजायला लागला, तेव्हा तू खाली जमिनीकडे बघितलंस. मला आजवर कुणी इतकं बोललेलं नाही.

आधी तू मला त्या दूरच्या केंद्रात ठेवलंस, जिथं फाटकाला कुलूप असायचं आणि पहाटे प्रार्थना. तिथून मी कोरा होऊन आलो. तुला किती आनंद झाला होता. देवगाव फाट्याच्या मावशीकडे जेवायला गेलो तेव्हा तू सगळ्यांना सांगत होतीस, "माझा भाऊ सुटला." पाऊस संपायच्या आत मी पुन्हा मेडिकलच्या दारात उभा होतो.

मग परभणीचं केंद्र. एका संस्थेचं, सरकारी अनुदानावर चालणारं. वरचा मजला, खाली झेरॉक्सचं दुकान. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की जिभेखाली ठेवायची एक गोळी असते, तिनं तलफ थांबते, अंग मोडत नाही, नशाही चढत नाही. रोज यायचं, समोर घ्यायची. तू ते आईला समजावून सांगितलंस. "आई, डॉक्टर म्हणायलेत, साखरेच्या आजारासारखं हाय हे. औषध चालू ठेवलं की माणूस कामाला लागतो." तुझं काम तू चोख केलंस. मग डॉक्टरांकडे वळलीस आणि स्वतःचं विचारलंस.

"किती दिवस?"

"लागतील तितके," डॉक्टर म्हणाले.

तुला ते उत्तर आवडलं नाही. जिना उतरताना तू कठड्याला हात न लावता उतरलीस, रागात असलीस की उतरायचीस तशी.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. त्याला भांडण म्हणू की आपलं बोलणंच म्हणू, मला कळत नाही, कारण त्यानंतर आपण दुसरं काही फारसं बोललोच नाही. मी सकाळच्या गाडीनं परभणीला जायचो, गोळी घेऊन परत यायचो, दुकान उघडायचो. हात थांबले. तांब्याची बारीक तार पुन्हा न तुटता गुंडाळता यायला लागली. मी तुला मोटारींचे फोटो पाठवायचो. तू अंगठा पाठवायचीस आणि रविवारी फोनवर विचारायचीस, "डोस कमी केला का?"

"न्हाई."

"एका गोळीतून काढून दुसऱ्या गोळीत घातलं तुला, मिलिंद."

"त्या गोळीनं मी मरायलो होतो. ह्या गोळीनं मोटारी भरायलोय."

"मी काय म्हणायलेय ते तू ऐकायला तयार न्हाईस."

"तू तरी ऐकायलीस का?"

केंद्रातल्या समुपदेशक शबाना मॅडमना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "बहीण आहे, तिला हक आहे. पण फोन स्पीकरवर टाका कधी, मी बोलते." तू म्हणालीस, तुझ्या आणि माझ्यामध्ये दुभाषी नको.

मग तो दिवस आला. आदल्या दिवशी तुझा फोन. "उद्या तुझ्या विषयावर चर्चा हाय. अनुदानाच्या मागण्या. ऐकू नको."

ऐकू नको म्हणालीस म्हणून तर ऐकलं. आईला दुकानात आणून खुर्चीवर बसवलं, फोन मोटारीच्या बॉडीला टेकवून ठेवला आणि मराठी लावलं. थोडा वेळ दुसरंच काहीतरी चाललं होतं. मग एक सदस्य उठले, आपल्याकडचे नव्हेत, लांबच्या राज्यातले. आणि तुझा आवाज आला.

"अध्यक्ष महोदय, शेतात राबणारी बाई काडेपेटी घेते तेव्हासुद्धा कर भरते. तिच्या पैशातून आपण कुणाला औषध द्यायला निघालो आहोत? ज्याने आपल्या हाताने विष घेतलं, त्याला सरकार आपल्या हाताने दुसरं विष देतं, आणि त्याला उपचार म्हणतं. ज्याला सोडायचं आहे तो सोडतो. ज्याला सोडायचं नाही त्याला आपण पोसतो आहोत. मी विचारते, किती दिवस?"

पुढच्या वाक्याला तू परत 'मी म्हणतो' वर गेलीस. पण मी ते 'विचारते' ऐकलं होतं.

आई फोनकडे बघत होती. "ही आपलीच पोरगी बोलायली ना?"

"तिचं न्हाई आई ते. त्या माणसाचं हाय."

"मग ह्याला येवढं चांगलं मराठी कुटून आलं?"

मी हसलो नाही. आई सरळ मनानं विचारत होती, पण माझ्याही मनात तेच होतं. दारात एक गिऱ्हाईक मोटार घेऊन उभं होतं, त्याला मी उद्या या म्हणालो. नंतर एक बाई सदस्य उठल्या. त्या म्हणाल्या, दम्याच्या रोग्याला आपण विचारतो का की पंप किती दिवस ओढणार, मग ह्यांनाच का विचारतो. मी वाट बघत होतो की हे तुझ्या तोंडून येईल. पण तुझी पाळी संपली होती, काचेच्या खोलीतून आता तुझी जोडीदारीण बोलायला लागली होती. शेवटी मंत्री उठले. पैसे चालू राहतील, योजनेचा आढावा घेऊ, असं काहीतरी म्हणाले. मतं झाली. पुढचा विषय निघाला.

संध्याकाळी तूच फोन केलास.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं. मूळ हिंदीतबी ऐकलं नंतर. तो माणूस चाचरत होता, ताई. कागद चाळत होता. तू न्हाई चाचरलीस."

"चाचरण्याचं भाषांतर होत न्हाई."

"तू त्याला सुधारलंस."

"त्याला जे म्हणायचं होतं ते मी पोचवलं. समोरच्याचं नीट पोचलं न्हाई तर त्याला उत्तर कसं देतील?"

"आन् 'मी विचारते'?"

मागं कुठंतरी तुझ्या कुकरची शिट्टी झाली.

"बोलणाऱ्याच्या मागं मागं बोलावं लागतं," तू म्हणालीस. "जीभ घसरते."

"जीभ नेमकी तिथंच घसरली."

"मिलिंद, ते माझं मत होतं का, असं विचारायचं असलं तर सरळ विचार."

मी विचारलं नाही. फोन ठेवला. आणि नंतरचे कितीतरी रविवार तुझा फोन आईकडेच आला. आई बोलणं झालं की फोन माझ्यासमोर धरायची, आणि मी मान हलवायचो. तू तिकडून म्हणत असशील, "राहू दे आई, कामात असंल तो."

ते रविवार मला आता परत पाहिजेत. भांडून काढायला का होईना, पाहिजेत.

त्यानंतर काही महिन्यांनी परभणीच्या केंद्राचा अनुदानाचा हप्ता अडकला. कुठं अडकला ते शबाना मॅडमनाही कळेना. कधी मुंबईला आहे म्हणायच्या, कधी दिल्लीला. औषध संपत आलं. त्यांनी अर्धा डोस केला, मग त्याच्याही अर्धा. नांदेडहून कुणाकडून तरी थोडं उसनं आणलं. आमच्यातले दोघंजण यायचे बंद झाले आणि ते कुठं गेले असतील हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मला घाम सुटायचा, पाय रात्रभर झाडत राहायचे, डोळ्यांतून नाकातून पाणी. आई पाय दाबत बसायची. मी मेडिकलकडे गेलो नाही. कसा गेलो नाही ते मला सांगता येत नाही, त्यात माझी बहादुरी नव्हती, आईनं बाहेरून कडी लावली होती.

मग औषध आलं. अंग थांबलं. तुला सांगायचं नाही असं मी आईला बजावलं होतं. आईनं त्याच दिवशी तुला सांगितलं.

अधिवेशन संपल्याबरोबर तू आलीस. पूर्णेच्या फलाटावर उतरलीस ती एक पिशवी घेऊन. वाळलेली दिसलीस. मी पिशवी घेतली, तू माझ्या दंडाला धरलंस, आणि दोघंही त्या विषयावर बोललो नाही. घरी गेल्यावर तू आईशी हसलीस, भाकरी थापायला बसलीस, पहिली भाकरी चुलीत पडली तशी आई म्हणाली, "दिल्लीनं हात खराब केले तुझे."

दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, "मीबी येते परभणीला."

सकाळच्या गाडीत आपल्याला खिडकी मिळाली. तू सगळी वाट बाहेर बघत होतीस. कापूस वेचायला बाया लागल्या होत्या. केंद्रात शबाना मॅडमना पहिल्यांदा भेटलीस. दोघी एकमेकींकडे असं बघत होतात, जशा लग्नात दोन विहिणी बघतात. मॅडमनी माझ्या जिभेखाली गोळी ठेवली आणि म्हणाल्या, "विरघळेपर्यंत बसा. बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही." हे त्या रोज म्हणतात. मी बाकावर बसलो. तू शेजारी बसलीस.

आणि तेव्हा तू बोलायला लागलीस. मी बोलू शकत नव्हतो. मला अजून वाटतं, तू मुद्दाम ती वेळ धरलीस.

"ते माझं मत होतं का, हे तू विचारलं न्हाईस," तू म्हणालीस. "आता ऐक. तू विष खायलास असं मला कधी वाटलं न्हाई. तू बरा हायस, ते मला दिसतंय. हात दिसतेत. पण मी तिथं रोज बसते, मिलिंद. ते कसं बोलतेत ते माझ्या कानातून जातं आन् तोंडातून बाहेर येतं. तुझ्या गोळीचा विषय दुपारच्या जेवणाआधी निघतो आन् जेवणाआधी संपतो. कुणी चांगलं बोललं तर पैसे राहतेत. कुणी त्याच्यापेक्षा चांगलं बोललं तर जातेत. आन् चांगलं बोलणं म्हंजे काय असतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक न्हाई. तुझं जगणं त्या खोलीच्या हातात नको मला. म्हणून विचारते, किती दिवस. त्या माणसाला कशासाठी विचारायचं होतं ते त्याला ठाऊक. मला ह्याच्यासाठी विचारायचं होतं."

मी तुझ्याकडे बघत होतो. तोंडात कडू पाणी साठलं होतं. तू माझा हात घेतलास आणि पालथा केलास, मोटारीच्या वार्निशचे डाग होते त्यावर, ते तू नखानं खरवडायला लागलीस.

"मागल्या वेळी औषध आलं न्हाई तवा आईनं कडी लावली," तू म्हणालीस. "पुढल्या वेळी कोण लावंल?"

गोळी विरघळली. मला बोलता आलं असतं. पण शबाना मॅडम आल्या, त्यांनी तुला चहा विचारला, मग तुम्ही दोघी अनुदानावर बोलत बसलात. तू त्यांना सांगितलंस की निवेदन खासदारांना द्यायचं तर कसं लिहायचं, पहिलं वाक्य काय असावं. मॅडम लिहून घेत होत्या. जाताना त्या मला म्हणाल्या, "तुमची बहीण तर आपल्याच बाजूची निघाली." तू म्हणालीस, "मी कुणाच्या बाजूची न्हाई, मॅडम." आणि हसलीस.

परतीच्या गाडीत मी उत्तर जुळवत होतो. तुला झोप लागली, डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी उठवलं नाही. म्हटलं, पुढच्या खेपेला.

ताप आला तेव्हा तू आईला सांगितलंस की दिल्लीत सगळ्यांनाच आलाय. मग तुझ्या जोडीदारणीचा फोन आला की दवाखान्यात नेलंय, छातीत उतरलाय. मी निघायचं म्हटलं तर औषधाचा प्रश्न. शबाना मॅडमनी डॉक्टरांना घरून बोलावलं, वाटेत पुरेल इतकं बांधून दिलं, चिठ्ठी दिली. पिशवी हातात देताना म्हणाल्या, "त्यांना सांगा, निवेदन गेलंय. त्यांनी सांगितलं तेच पहिलं वाक्य ठेवलंय."

मी पोचलो तेव्हा तुझ्या तोंडात नळी होती. डोळे उघडे होते. नर्स म्हणाली, त्यांना ऐकू येतं, बोला.

आता तू गप्प होतीस आणि मला बोलता येत होतं. सगळं उत्तर तयार होतं माझ्याकडे, गाडीत पुन्हा पुन्हा म्हणून ठेवलेलं. आणि मी काय बोललो? आईच्या गुडघ्याचं सांगितलं. नळाला दिवसाआड पाणी येतं ते सांगितलं. दुकानासमोर सिमेंटचा रस्ता करायलेत ते सांगितलं. शबाना मॅडमचा निरोप सांगितला, तेव्हा तू पापणी मिटून उघडलीस. मला वाटलं, भांडण काढलं तर तुला उत्तर देता येणार नाही, आणि उत्तर देता येत नसताना तुझ्याशी बोलणं बरोबर नाही. बरी झालीस की बोलू. पहाटे त्यांनी मला बाहेर बसवलं, आणि नंतर आत बोलावलं ते सांगायलाच.

तिथल्याच स्मशानात तुझ्या काचेच्या खोल्यांतली माणसं आली होती. कुणी तमिळ, कुणी बंगाली, कुणी पंजाबी, सगळी तुझ्यासारखी मोजून बोलणारी. तुझी जोडीदारीण माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तुम्ही मिलिंद का? ती म्हणायची, माझ्या घरी एक विरोधी पक्ष आहे. तुमच्याशी भांडण झालं की दुसऱ्या दिवशी ती फार सुरेख बोलायची." मी तिला हात जोडले. मला ते वाक्य आईसाठी घरी न्यायचं होतं, पण गाडीत बसल्यावर कळलं की ते मी आईला सांगू शकणार नाही, फक्त तुला सांगू शकेन.

तू मला शिकवलेल्या गोष्टी किती, त्यांची यादी मी करणार नाही. दोनदा तू मला हाताला धरून केंद्रात नेलंस. ज्या औषधावर तुझा भरवसा नव्हता, त्याचं म्हणणं तूच आईला इतकं नीट समजावलंस की आईनं ते मान्य केलं. तुझ्यामुळं मी जिवंत आहे, आणि तुझं म्हणणं मी मानलं नाही. ह्या दोन्ही गोष्टी मी रोज सकाळच्या गाडीत बसून घेऊन जातो. आईनं फोन मागितला की तुझा आवाज लावून देतो. बंदरांचं कसलं तरी विधेयक असतं, कोळशाचं असतं. आईला त्यातलं काही कळत नाही. ती फोन कानाशी धरते आणि मधे मधे हं म्हणते.

आणि काल केंद्रात घरच्या माणसांची बैठक होती. महिन्यातून एकदा असते. नवीन आलेल्यांना मी दोन शब्द सांगतो, हात दाखवतो, दुकानाचं सांगतो. काल राणीसावरगावहून एक काका आले होते, मुलाला घेऊन. मुलगा भिंतीकडे बघत बसला होता. शबाना मॅडमनी औषधाची माहिती दिली. काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, समदं खरं हाय. पण हे किती दिवस? गावात लोक म्हणतेत, सरकार कवाबी बंद करतंय."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. ह्या प्रश्नाला नेहमी मीच उत्तर देतो.

मी उभा राहिलो. आणि माझं सांगण्याऐवजी तुझं सांगायला लागलो. म्हणालो, "काका, माझी ताई हेच विचारायची. ती म्हणायची, तुझं जगणं दुसऱ्या कुणाच्या हातात नको. तिकडं कुणी चांगलं बोललं तर पैसे राहतेत, कुणी त्याच्यापेक्षा चांगलं बोललं तर जातेत. औषध आलं न्हाई तर आईनं कडी लावली, पुढल्या वेळी कोण लावंल." काही कमी केलं नाही. तू जिथं थांबली होतीस तिथं थांबलो. शबाना मॅडमचा चेहरा उतरला होता. काका मान हलवत होते. म्हणाले, "बरोबर बोलली ती."

मग मी माझं सांगितलं. गाडीत जुळवलेलं, दवाखान्यात न बोललेलं. म्हणालो, "नळाला पाणी आलं न्हाई म्हणून कुणी तहान सोडत न्हाई, काका. नगरपालिकेच्या दारात जाऊन बसतो. औषध अडकलं तर औषध वाईट ठरत न्हाई, अडकवणारं वाईट ठरतं. अन् मी उद्या सुटून गेलो बी, तरी हा तुमचा लेक आज आलाय. त्याच्यासाठी इथं कुणीतरी बसून भांडायला पाहिजे. म्हणून मी येतो. किती दिवस ते मला ठाऊक न्हाई."

मुलानं पहिल्यांदा भिंतीवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं.

"तुमचंबी पटतंय," काका म्हणाले. "मग ह्याच्यावर तुमची ताई काय म्हणली?"

मी म्हणालो, "विचारून सांगतो."